तळीत टाकायची पावडर : अंत्रुजातील एका कुळागराचे प्रकरण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील (जुने नाव अंत्रुज) हे गाव, कुळागराचे म्हणजे सुपारीच्या बागेचे मालक आणि जिवाणूंची पावडर विकायला आलेला पुरवठादार यांची नावे मी येथे देत नाही, कारण भंगारअड्ड्याच्या परवान्याचा वाद अजून मिटलेला नाही आणि या लेखाचा विषयही तो नाही. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. भंगारअड्ड्याच्या आगीतून तळीत उतरलेली रसायने जिवाणू खाऊन टाकतील, असे सांगून पुरवठादार देत असलेली पावडर तळीत टाकावी की टाकू नये, एवढेच पंचायतीने मला विचारले होते. एका शब्दात उत्तर मिळेल अशी सर्वांची समजूत असलेल्या त्या प्रश्नाने पुढचे तीन-चार महिने घेतले. त्या काळात काय पाहिले, काय तपासले आणि शेवटी काय ठरवले, ते क्रमाने मांडतो.

परिस्थिती

गाव सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे आणि सड्याच्या कडेला, हमरस्त्याला लागून, बऱ्याच वर्षांचा एक भंगारअड्डा आहे. मार्चच्या अखेरीस एका रात्री त्याला आग लागली. आत जुन्या जाड पाठीच्या टीव्हींची खोकी, संगणकांचे पडदे, फ्रिजचे दरवाजे, अपघातात मोडलेल्या गाड्यांच्या सीटा आणि तांबे काढण्यासाठी आणलेल्या केबलींचे ढीग होते. ज्या वस्तूंनी सहज पेट घेऊ नये म्हणून कारखान्यातच त्यांच्यात रसायने घातलेली असतात, नेमक्या त्याच वस्तू तेथे एकत्र आल्या होत्या. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. असे ज्वालारोधक रसायन ठिणगीला किंवा तापलेल्या तारेला काही मिनिटे अडवण्यासाठी असते, पेटलेल्या ढिगासमोर त्याचे काही चालत नाही.

बंब पहाटेपर्यंत पाणी मारत होते. ते काळे पाणी रस्त्यावरून फारसे वाहिलेच नाही, जांभ्याच्या भेगांत जिरले. जांभा हा भोकाभोकांचा दगड, त्यामुळे सड्यावर पडलेले पाणी आत मुरते आणि खाली चिकणमातीचा थर लागला की उताराच्या कडेला झर होऊन बाहेर येते. अंत्रुजातील कितीतरी कुळागरे अशा झरींच्या भरवशावरच उभी राहिली आहेत. या कुळागरातही झरीचे पाणी आधी दगडी तळीत साठते आणि तेथून पाटांनी पोफळी, माड, केळी, मिरवेल आणि जायफळीच्या झाडांपर्यंत जाते. तळीशेजारच्या दोन घरांत तेच पाणी स्वयंपाकालाही वापरत असत.

एप्रिल आणि मे कोरडे गेले आणि कोणालाही काही जाणवले नाही. मिरगाचा पाऊस पडला तेव्हा तिसऱ्या दिवशी तळीवर करडा फेस आला, कडेच्या दगडांना राखेची काजळी धरली आणि गावात चर्चा सुरू झाली. पंचायतीने पाणी तपासून घेतले, तर अहवालात आम्लता, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट सारे मर्यादेत होते. अहवाल खोटा नव्हता. नेहमीच्या तपासणीच्या यादीत ज्वालारोधक रसायनांचा समावेशच नसतो, त्यामुळे जे विचारलेच नाही त्याचे उत्तर त्यात नव्हते. शिवाय नमुना प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरून नेला होता.

नमुना पुन्हा घेतला तेव्हा मी स्वतः हजर होतो. गडद काचेच्या बाटल्या, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पन्नी, आणि एक बाटली केवळ शुद्ध पाण्याने भरून सोबत नेलेली. कुळागराच्या मालकांनी बाटल्या मायेने गाडीच्या सीटवर ठेवल्या, त्या मी लगेच उचलून लाकडी खोक्यात ठेवायला सांगितल्या, कारण गाडीच्या सीटच्या फोममध्येच ही रसायने असतात आणि तेथून ती धुळीत उतरतात. ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा तो शोधणाऱ्याच्या खुर्चीतही असतो, ही या विषयातील जुनी अडचण आहे, आणि शुद्ध पाण्याची ती जादा बाटली त्यासाठीच होती : तिच्यातही रसायन सापडले, तर ते तळीतून नव्हे, आमच्याकडून आले असे समजायचे.

पाण्यात काय, गाळात काय

बाहेरच्या प्रयोगशाळेने गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रसायने वेगळी करून ओळखणाऱ्या उपकरणांवर केलेल्या तपासणीत दोन वेगवेगळ्या घराण्यांची रसायने मिळाली. अहवालाचे आकडे वादातील पुराव्याचा भाग असल्यामुळे ते देत नाही, परंतु या प्रकरणाचा निर्णय आकड्यांपेक्षा कोणते रसायन कोठे सापडले यावर अवलंबून होता.

पाण्यात सापडली ती क्लोरीनयुक्त फॉस्फेटे : टीसीईपी, टीसीपीपी आणि थोडे टीडीसीपीपी. ही मुख्यतः फोममध्ये घालतात. ती फोमशी रासायनिकरीत्या जोडलेली नसतात, नुसती मुरवलेली असतात, म्हणून सुटून बाहेर पडतात. टीसीईपी तर एका लिटर पाण्यात काही ग्रॅमपर्यंत विरघळते, मग ते पाण्याबरोबर झरीतून तळीत आणि तळीतून पाटात जाणार हे उघड होते. युरोपात टीसीईपीची गणना प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत केली जाते.

गाळात सापडला तो डेका-बीडीई, म्हणजे एका रेणूला ब्रोमीनचे दहा अणू चिकटलेला जड पदार्थ. जुन्या टीव्हीच्या मागच्या प्लास्टिकमध्ये तो वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत असे, आणि त्याच्या स्वतःच्या वजनापैकी सुमारे ८३ टक्के भाग ब्रोमीनचाच असतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. राखेच्या आणि मातीच्या कणांना चिकटून तो तळीच्या तळाशी जाऊन बसला होता.

कायद्याच्या बाजूने हे पदार्थ अनोळखी नाहीत. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पेंटा आणि ऑक्टा या कमी ब्रोमीनच्या बीडीई प्रकारांचे मुख्य घटक २००९ मध्ये, एचबीसीडी हे दुसरे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक २०१३ मध्ये आणि डेका-बीडीई २०१७ मध्ये आले. भारताने २०१८ च्या नियमांनी त्यांपैकी काहींच्या उत्पादनावर व वापरावर बंदी घातली, आणि विद्युत उपकरणांत या वर्गाच्या ब्रोमीन रसायनांना ०.१ टक्क्याची मर्यादा त्याच्याही आधीपासून आहे. मर्यादा नव्या वस्तूंना लागू होते. अड्ड्यात जळलेले टीव्ही मात्र १९९० च्या दशकातले होते.

आणि ज्या फेसामुळे हा सारा शोध सुरू झाला, त्याचा या रसायनांशी बहुधा फारसा संबंध नव्हता. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात त्यांना ना रंग असतो, ना वास, ना फेस. फेस कुजलेल्या पालापाचोळ्यानेही येतो आणि आग विझवण्याच्या फोमनेही येऊ शकतो. जुलैच्या मध्यावर फेस आपोआप गेला तेव्हा गावाने सुटकेचा श्वास सोडला, पण रसायनांचे काही बदलले नव्हते.

पिंपांचा प्रयोग

पुरवठादार जुलैच्या सुरुवातीला आला. त्याच्याकडे पांढऱ्या पोत्यांत फिकट तपकिरी पावडर होती, हातात घेतली तर गव्हाच्या कोंड्याचा वास येई. त्याने पंचायतीच्या अंगणात दोन निळी पिंपे मांडली, दोन्हींत तळीचे गढूळ पाणी भरले आणि एकात पावडर टाकली. चौथ्या दिवशी पावडरीच्या पिंपातले पाणी नितळ झाले होते, दुसऱ्यातले तसेच होते. त्याने सोबत एक प्रमाणपत्रही दाखवले, ज्यात पावडरीमुळे पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सीओडी (पाण्यातील सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणारा ऑक्सिजन), निम्म्याहून खाली आल्याचे लिहिले होते. जमलेल्या लोकांत एका मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या) आजोबांनी मला विचारले, “सर, शेणखळा टाकला की गोबरगॅसचा खड्डा कसा चालू होतो, तसेच ना हे?”

आजोबांचा प्रश्न बावळट नव्हता. सूक्ष्मजीवांवर आपला विश्वास शेणाच्या खड्ड्याने, आंबवणाने आणि ताकाच्या विरजणाने बसवलेला आहे, आणि तो योग्यच आहे. त्यात पुरवठादाराने आनंद चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचे उदाहरण दिले. त्या जिवाणूच्या पेटंटवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निकाल दिला होता. गोव्याच्या किनाऱ्यावर दर वर्षी पावसाच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात, त्यामुळे तेल खाणारा जिवाणू ही कल्पना येथे कोणालाही चटकन पटते. परंतु तेल पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांपासून आहे आणि ते खाणारे जिवाणू समुद्रात आधीपासूनच आहेत. टीसीईपी कारखान्यात बनू लागल्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत, आणि ते खाऊ शकणारा जिवाणू कोणत्याही पोत्यात सहज सापडेल असे मानायला आधार नाही.

मी पुरवठादाराशी वाद घातला नाही. त्याच्याकडून मूठभर पावडर मागून घेतली, घरी पाण्यात कालवली आणि कुकरमध्ये अर्धा तास ठेवली. घरच्या कुकरात वाफेच्या दाबाने तापमान साधारण १२० अंशांच्या आसपास जाते, आणि प्रयोगशाळेतील निर्जंतुकीकरणही त्याच तत्त्वावर चालते, म्हणजे पावडरीत जे काही जिवंत होते, बीजाणूंसह, ते बहुतांशी संपले असे धरायला हरकत नव्हती. (घरात त्या कुकरात पुन्हा भात शिजवायला परवानगी मिळाली नाही, नवा कुकर घ्यावा लागला.) ती मेलेली पावडर तिसऱ्या पिंपात टाकली. चौथ्या दिवशी तिसरे पिंपही तेवढेच नितळ होते.

याचा अर्थ पावडर निरुपयोगी होती असा नाही. कोंडा आणि त्यातील चिकट द्रव्ये गढूळपणाचे कण एकत्र आणतात आणि कण तळाशी बसतात. अर्थ एवढाच की पाणी नितळ होण्यासाठी जिवाणू जिवंत असण्याची गरज नव्हती, म्हणून नितळ पाणी हा जिवाणूंच्या कामाचा पुरावा ठरत नाही. आणि तळाशी बसलेल्या कणांवर डेका-बीडीई तसाच होता.

सीओडीच्या प्रमाणपत्राचे उत्तर मी फळ्यावर मांडले. समजा तळीच्या एका लिटर पाण्यात १०० मायक्रोग्रॅम टीसीईपी आहे. ते संपूर्ण जाळून टाकायला सुमारे ८४ मायक्रोग्रॅम ऑक्सिजन लागेल, म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम. सीओडीच्या चाचणीत काही मिलिग्रॅमच्या खालचा फरक विश्वासाने मोजता येत नाही. त्यामुळे सीओडी निम्मी झाली तर सडलेली पाने, शेवाळ, कोंड्यातील साखर यांपैकी काहीतरी संपले असेल, टीसीईपीबद्दल त्या आकड्यात काहीच नाही. क्लोराइड मोजावे म्हटले तरी तीच गत आहे. टीसीईपीच्या वजनात क्लोरीन सुमारे ३७ टक्के असते, म्हणून १०० मायक्रोग्रॅममधून फार तर ३७ मायक्रोग्रॅम क्लोराइड सुटेल, आणि झरीच्या पाण्यात मुळातच मिलिग्रॅमच्या हिशेबाने क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची स्वीकार्य मर्यादाच लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. ३७ मायक्रोग्रॅमची भर शोधणे म्हणजे मिठागरात सांडलेली चिमूट शोधणे. खात्री हवी असेल तर मूळ रसायन आणि त्याचे तुकडे थेट मोजावे लागतात, दुसरा सोपा मार्ग नाही.

खरोखरचे जिवाणू आणि त्यांचे उष्टे

एवढे झाल्यावर एका पंचबाईंनी विचारले, मग असे जिवाणू नाहीतच का? आहेत, आणि या प्रकरणाचा सर्वात महत्त्वाचा भाग त्यांच्याविषयीचाच आहे.

जपानमधील नागाओका तंत्रज्ञान विद्यापीठात शौजी ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये टीसीईपी आणि टीडीसीपीपी तोडणारे दोन जिवाणू वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले : स्फिंगोबियम टीसीएम१ आणि स्फिंगोमोनास टीडीके१. त्यांची निवड ज्या युक्तीने झाली ती समजून घेण्यासारखी आहे. जिवाणूंना फॉस्फरस लागतोच, म्हणून त्यांना असे पोषण दिले की ज्यात फॉस्फरसचा एकमेव स्रोत ते ज्वालारोधकच असेल. जो ते फोडू शकेल तोच वाढेल, बाकीचे उपाशी राहतील. टीसीएम१ मधील ज्या विकराने (एन्झाइमने) हे काम होते त्याचा पुढे अमेरिकेतही तपशीलवार अभ्यास झाला, आणि रेणूच्या तीन बंधांपैकी कोणताही बंध तो तोडू शकतो असे दिसले. भारतातही याच्या जवळचे काम झाले आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१४ मध्ये ट्रायब्युटाइल फॉस्फेट खाऊन वाढणारा स्फिंगोबियमचाच एक वाण प्रसिद्ध केला. हा पदार्थ अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत वापरतात, आणि जिवाणू त्याचे ब्युटेनॉल व फॉस्फेट करतो. ब्युटेनॉल हा पुढे सहज पचणारा पदार्थ आहे, म्हणून तेथे गोष्ट सरळ संपते.

टीसीईपीच्या बाबतीत ती सरळ संपत नाही. टीसीएम१ रेणू तोडतो तेव्हा फॉस्फरस त्याला मिळतो, आणि बाकी उरते ते २-क्लोरोइथेनॉल, जे स्वतः विषारी असून त्वचेतूनही शरीरात जाते. वरच्याच हिशेबाने १०० मायक्रोग्रॅम टीसीईपी पूर्ण तुटले तर सुमारे ८५ मायक्रोग्रॅम क्लोरोइथेनॉल तयार होईल. टीडीसीपीपीमधून १,३-डायक्लोरो-२-प्रोपेनॉल सुटते, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात घातले आहे. मूळ रसायन मोजणारा अहवाल अशा वेळी शून्य दाखवील आणि पाटातून पोफळींकडे दुसरेच काही जात असेल. म्हणूनच ताकाहाशींच्या गटाने पुढच्या कामात दुसरा जिवाणू जोडीला घेतला. टीसीईपीसाठी तो होता झँथोबॅक्टर ऑटोट्रॉफिकस जीजे१०, जो क्लोरोइथेनॉलचे क्लोरोअसिटाल्डिहाइड, मग क्लोरोअसेटिक आम्ल असे करत शेवटी क्लोरीन काढून टाकतो. हा जीजे१० नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात वेगळा केला गेला होता आणि डायक्लोरोइथेनने दूषित भूजल शुद्ध करण्यासाठी जर्मनीत त्याचा मोठ्या प्रमाणावर, पण बंदिस्त टाक्यांमध्ये, वापर झालेला आहे. मधले क्लोरोअसिटाल्डिहाइडही विषारीच, म्हणजे दुसरा जिवाणू अर्ध्यावर थांबला तरी अडचण आहे. पहिल्याचे उष्टे दुसऱ्याने संपवले पाहिजे, आणि ते त्याच टाकीत संपले पाहिजे.

गाळातील डेका-बीडीईची गोष्ट याहून अवघड आहे. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात काही जिवाणू ब्रोमीनचा एकेक अणू काढून टाकतात. सल्फ्युरोस्पिरिलम मल्टिव्होरान्स आणि डिहॅलोकोकॉइडिस यांच्या बाबतीत हे २००६ मध्ये दाखवले गेले. पण दहातून ब्रोमीन कमी होत गेले की मध्ये चार-पाच ब्रोमीनचे हलके रेणू तयार होऊ शकतात. ते मूळ रेणूपेक्षा अधिक विषारी असतात आणि माशांच्या व माणसांच्या चरबीत जास्त साठतात. १९७० ते १९९० च्या दशकांत स्वीडनमधील मातांच्या दुधात जी रसायने दर पाच वर्षांनी सुमारे दुप्पट होत गेलेली आढळली ती याच हलक्या गटातली होती. शिवाय वेग फार कमी आहे. सांडपाण्याच्या गाळावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३८ दिवसांत डेका-बीडीई ३० टक्क्यांनी घटला. चतुर्थीला सुरू केले तर पुढच्या मे महिन्यापर्यंत सत्तर टक्के शिल्लक, आणि जो तीस टक्के गेला तो नेमका कशात गेला हा प्रश्न वेगळाच.

ज्यात दोन टप्पे नीट जुळले असे एक उदाहरण मी सभेत सांगितले. इस्रायलमधील नेगेव वाळवंटात रामत होवाव येथे ब्रोमीनचे कारखाने आहेत. तेथल्या दूषित ओढ्याच्या गाळावर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात टीबीबीपीए या ज्वालारोधकाचे ब्रोमीन आधी हवेविना काढले गेले. त्यातून बिस्फेनॉल ए उरले, जे हवेविना तसेच साचून राहते. मग हवा दिल्यावर दुसऱ्या जिवाणूंनी तेही संपवले. आधी कोंडायचे आणि मग वारा द्यायचा, हा क्रम माणसाने टाकीत ठरवून दिला तरच पाळला जातो, उघड्या तळीत पाऊस आणि ऊन ठरवतील तसे होते.

एक गोष्ट मात्र मला या काळात पुन्हा पुन्हा आठवत राहिली, थोडी आडवाटेची असली तरी सांगतो. ब्रोमीन जोडलेले रेणू फक्त कारखान्यात बनत नाहीत. समुद्रातील शैवाले, स्पंज आणि काही जिवाणूही ते बनवतात, अगदी बीडीईच्या जवळच्या नात्यातलेसुद्धा. म्हणून खाजनाच्या (भरतीच्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या खाऱ्या जमिनीच्या) मानशीजवळच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेजवळच्या, काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात ब्रोमीन काढणारे जिवाणू शोधणे हा गोव्यात करण्यासारखा उद्योग आहे, असे माझे मत आहे. फक्त तो उद्योग प्रयोगशाळेतला आहे, कोणाच्या तळीतला नव्हे.

पाट, खत आणि फॉस्फरस

समजा टीसीएम१ आणि जीजे१० दोन्ही मिळाले आणि तळीत सोडले, तरी ते काम करतील का, हा प्रश्न कुळागराच्या मालकांनीच काढला. माझे उत्तर त्यांच्याच शेणखताच्या खळ्याकडे बोट दाखवणारे होते. टीसीएम१ ला ज्वालारोधक हवे असते ते फॉस्फरससाठी, पोट भरण्यासाठी नव्हे. तळीच्या काठावर गोठा आहे, खळ्याचे पाणी पावसात तळीत उतरते, आणि पोफळींना घातलेल्या खतातील फॉस्फेटही झिरपून येते. जेवण वाढलेले ताट समोर असताना नारळ फोडायला कोण बसेल? त्यात एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्या मापाने असलेले अन्न, आधीपासून वस्तीला असलेले स्थानिक जिवाणू, आणि जिवाणू गिळणारे आदिजीव. बाहेरून आणलेली जात अशा ठिकाणी काही दिवसांत नामशेष झाल्याचा अनुभव या क्षेत्रात नवा नाही.

काय ठरले

पावडर तळीत टाकायची नाही, असा ठराव झाला. पुरवठादार नाराज झाला, पण त्याच्या पावडरीने शौचालयाची टाकी किंवा खतखड्डा सुधारणार नाही असे मी कधीच म्हटले नाही, आणि दोन पोती पंचायतीने खतखड्ड्यासाठी घेतलीही.

पहिले काम सड्यावर होते. राख आणि वरची माती अजून तशीच पडून होती आणि प्रत्येक सरीबरोबर झरीला नवा पुरवठा करत होती. ती खरवडून पोत्यांत भरली आणि ताडपत्रीखाली ठेवली. जुलैच्या पावसात हे करणे किती कठीण गेले ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. खरे म्हणजे हे काम एप्रिलमध्येच व्हायला हवे होते, आणि तेव्हा ते एका दिवसाचे होते.

दुसरे काम होते एक जुनी सवय मोडण्याचे. तळीचा गाळ दर वर्षी काढून खालच्या नाल्यात सोडतात किंवा माडांच्या आळ्यांत घालतात. या वेळी तसे केले असते तर डेका-बीडीई एका तळीतून निघून पंधरा आळ्यांत आणि नाल्यातून थेट जुवारीकडे गेला असता. पाऊस उघडल्यावर गाळ काढला, ताडपत्रीवर निथळवला, निथळलेले पाणी पुन्हा तळीतच घेतले आणि कोरडा गाळ जाड पिशव्यांत भरला. तो पिसुर्ले येथील घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्यासाठीचा पत्रव्यवहार सुरू आहे. दोन घरांनी स्वयंपाकाला नळाचे पाणी घेतले, हे सर्वात सोपे काम पहिल्याच आठवड्यात झाले होते.

विरघळलेल्या फॉस्फेटांसाठी झरीच्या तोंडाशी करवंटीच्या सक्रिय कोळशाचे पिंप बसवले. कोळसा टीडीसीपीपी चांगले धरतो, टीसीईपी त्या मानाने लवकर सोडून देतो, त्यामुळे पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी टीसीईपीवरच ठरवली : ते दिसू लागले की कोळसा बदलायचा. कोळसा रसायन नष्ट करत नाही, केवळ धरून ठेवतो, आणि वापरलेला कोळसाही घातक कचराच आहे, हे पंचायतीच्या ठरावात मी आग्रहाने लिहून घेतले. जिवाणूंना जागा असेल तर ती येथे, या पिंपापुढच्या बंद टाकीत, जेथे खताचे आणि शेणाचे फॉस्फेट बाहेर ठेवता येते, पाणी किती तास थांबेल ते ठरवता येते आणि बाहेर पडताना क्लोरोइथेनॉलही मोजता येते.

ते जिवाणू मिळवण्याचा प्रयत्न माझ्या जुन्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनींनी सुरू केला आहे. पद्धत जपान्यांचीच : फॉस्फेट नसलेले पोषण, त्यात टीसीईपी, आणि बीज म्हणून तळीचा चमचाभर गाळ. ऑगस्टमध्ये तिसऱ्याच दिवशी चंबू गढूळ झाला आणि मला दुपारी फोन आला. मी गेलो तेव्हा दोघींचे चेहरे उतरलेले होते, कारण टीसीईपी न घातलेला शेजारचा चंबूही तेवढाच गढूळ होता. काचेची भांडी ज्या धुण्याच्या पावडरीने घासली होती तिच्यात फॉस्फेट होते, आणि काचेला चिकटून राहिलेला तेवढासा अंश जिवाणूंना पुरला होता. आता सगळी भांडी रात्रभर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, सहा वेळा शुद्ध पाण्याने विसळून घेतात. दुसऱ्या खेपेला दोन्ही चंबू नितळ राहिले. तिसऱ्या खेपेसाठी गाळ त्यांनी तळीतून घेतलेला नाही, सड्यावर जेथे सीटांचा ढीग जळाला होता त्या जागेच्या खालच्या भेगेतून खरवडून आणला आहे. गाळाच्या पिशव्या पंचायतीच्या शेडमध्ये आहेत आणि प्रत्येकीवर तैलरंगाने तारीख घातलेली आहे.